सगळ्यांसमोर

भांडण मिटवायचा मोठ्या बाईंचा एक ठरलेला उपाय होता. भांडणाऱ्या दोघांना धरायचं आणि एकाच कामाला जुंपायचं. गणिताचे आणि भूगोलाचे सर वेळापत्रकावरून एकमेकांच्या अंगावर धावून गेले, तेव्हा बाईंनी दोघांना मिळून ग्रंथालयाची कपाटं आवरायला लावली. धूळ खाता खाता दोघांची अशी गट्टी जमली की पुढे त्यांची कुजबूज थांबवायला वेगळा उपाय शोधावा लागला. मुख्याध्यापिका झाल्यापासून हे औषध एकदाही फसलं नव्हतं, आणि न फसलेल्या औषधाचा माणूस किती डोस देईल याचा काही नेम नसतो.

शाळेत हॉल एकच होता आणि त्याच्यावर हक्क सांगणारी मंडळं दोन. वक्तृत्व मंडळाला बोलायला शांतता हवी, नाट्य मंडळाला ओरडायला जागा हवी. नाटकवाले म्हणत, या पोपटांना झाडाखाली बसवा. वक्तृत्ववाले म्हणत, या माकडांना झाडावर बसवा. शाळा सुटल्यावर रोज हॉलच्या दारात ढकलाढकली व्हायची, आणि एकदा तर दाराची काच फुटून एका मुलाचा तळहात चिरला.

वक्तृत्व मंडळाचा पुढारी होता बाईंच्या सख्ख्या धाकट्या बहिणीचा मुलगा. शाळा त्याला 'वकील' म्हणायची. जिभेला हाड नाही म्हणतात ते त्याच्याकडे बघून पटायचं. बहीण नर्स, तिच्या पाळ्या उलटसुलट, नवरा कधीच सोडून गेलेला. त्यामुळे पोरगं निम्मं बाईंच्याच घरी वाढलं. बाईंना मूलबाळ नव्हतं. माय मरो पण मावशी जगो, असं आपल्याकडे म्हणतात. इथे माय चांगली धडधाकट होती, तरी मावशीचा जीव त्याच्यात जरा जास्तच अडकलेला. शाळेच्या फाटकाआत मात्र तो त्यांना 'बाई' म्हणायचा, आणि बाई त्याच्याकडे मुद्दाम कमी बघायच्या. आपल्या निःपक्षपातीपणाचा त्यांना फार अभिमान होता.

नाट्य मंडळाचा पुढारी 'कॅप्टन'. रुंद खांद्यांचा, कमी बोलणारा. दुसऱ्याने लिहिलेली वाक्यं तोंडात दिली की हॉल हलवायचा. स्वतःचं वाक्य बोलायचं झालं की घशात दगड अडकल्यासारखा उभा राहायचा. त्याचा बाप मालधक्क्यावर हमाल होता. संध्याकाळी पिऊन घरी निघायचा, रस्त्यात दिव्याच्या खांबाला शिव्या द्यायचा, मग त्याच खांबाला मिठी मारून रडायचा. हे सगळ्या शाळेला ठाऊक होतं आणि कॅप्टनसमोर ते कुणीही काढत नसे.

हॉल कुणाला, हे ठरवायला बाईंनी सगळ्या शाळेसमोर वादविवाद ठेवला. आता, पोहता येणाऱ्याला आणि न येणाऱ्याला एकाच विहिरीत ढकलून 'बघू कोण जिंकतं' म्हणण्यातला हा प्रकार होता; पण बाई स्वतः एकेकाळच्या पट्टीच्या वक्त्या, त्यांना तो न्याय वाटला. कॅप्टन कागद हातात धरून अडखळत काहीतरी बोलला. मग वकील उठला, शांतपणे बाह्या सारख्या केल्या आणि म्हणाला, "नाटकाला हॉल लागतो असं कोण म्हणतं? कॅप्टनचे वडील तर रोज संध्याकाळी भर रस्त्यात प्रयोग करतात. तिकीट नाही, पडदा नाही, आणि रडण्याचा सीन तर काय करतात!"

हॉल हसून कोसळला. शिक्षक हसले. बाईही हसल्या, तोंडावर रुमाल धरून का होईना, पण हसल्या. आणि हॉल वक्तृत्व मंडळाला दिला.

कॅप्टनने मधल्या सुट्टीपर्यंत वाट बघितली. वकील नळाखाली ओंजळ धरून वाकला होता. कॅप्टनने मागून त्याचे केस धरले आणि तोंड पितळी तोटीवर आपटलं. पहिल्या आपटीत नाकाचं हाड गेलं, दुसरीत दात. वकील खाली कोसळला तसा तो त्याच्या बरगड्यांत लाथा घालत राहिला, एक शब्द न बोलता. मोरीतलं पाणी लाल झालं. नाटकाचे सर मधे पडले, तर कॅप्टनच्या कोपरानं त्यांचा ओठ फाटला. शेवटी तिघांनी मिळून त्याला ओढून काढलं.

बाईंनी कॅप्टनला आठवडाभर शाळेबाहेर ठेवलं. वकिलाला काहीच शिक्षा झाली नाही. त्याचं नाक मोडलं होतं, आणखी काय करायचं?

"बाई, सुरुवात कुणी केली?" फाटक्या ओठाने नाटकाच्या सरांनी विचारलं.

"शब्दाचं उत्तर शब्दानं द्यायचं असतं, सर."

"आणि ज्याच्याकडे शब्द नाहीत त्यानं?"

बाईंना हे बोलणं आवडलं नाही. त्याहून झोंबलं ते शिक्षकांच्या खोलीच्या दाराआडून ऐकू आलेलं वाक्य. "आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं," कुणीतरी म्हणत होतं, आणि बाकीचे हं हं करत होते. बाई दारातून परत फिरल्या. रात्रभर ते वाक्य त्यांच्या डोक्यात किडीसारखं वळवळलं, आणि सकाळी त्यांनी आपलं जुनं औषध बाहेर काढलं. दोन्ही मंडळांनी मिळून आंतरशालेय स्पर्धेत एकच नाटक करायचं. वकील कैदी, कॅप्टन जेलर. हात मागे बांधलेल्या कैद्याची जेलर चौकशी करतो आणि त्याला मारतो, असा सगळा मामला.

"मुद्दाम मार खाण्याची भूमिका दिलीय माझ्या भाच्याला," बाई म्हणाल्या. "आता कुणी म्हणू नये, मी त्याला पाठीशी घालते. आणि कॅप्टनच्या मनात जे काही असेल ते खोटं खोटं बाहेर पडून जाईल."

"खोटं खोटं?" सर म्हणाले. "बाई, एका म्यानात दोन तलवारी तरी जरा बऱ्या. तुम्ही एक तलवार दुसरीच्या मानेवर ठेवताय."

"तुम्ही आहात ना सोबत."

"मी होतो नळापाशीपण," सर ओठाला हात लावून म्हणाले.

बहिणीनं तर फोनवर आवाजच चढवला. "ताई, तुझा न्याय तुझ्या शाळेत ठेव. मला एकच मुलगा आहे."

"तुझ्या एकटीचाच आहे का तो?" बाई चिडून म्हणाल्या. मग आवाज खाली आणून, "मी पहिल्या रांगेत बसलेली असेन. त्याला काही झालं तर मला विचार." असं वचन देणं सोपं असतं. पण बाईंनी ते मनापासून दिलं होतं, आणि त्या दिवसापासून त्यांना दुसरं काही सुचेना. पोरगं धडधाकट त्या रंगमंचावरून उतरलं पाहिजे, आणि आपण मधे न पडता उतरलं पाहिजे. दोन्ही एकदम हवं होतं त्यांना.

तालमी सुरू झाल्या. सरांची मारामारीची पद्धत पक्की होती. मारणाऱ्याचा हात गालाजवळून नुसता जायचा, खाणाऱ्यानं मान झटकायची, आणि आवाजासाठी विंगेत उभ्या असलेल्या मुलीनं त्याच क्षणी टाळी वाजवायची. प्रेक्षकांना वाटतं कानशिलात बसली. बसलेली असते दुसऱ्याच्या तळहातावर. पहिल्या तालमींत टाळी आधी आणि लाथ नंतर, असं दोनदा झालं, आणि लाथ खरीच होती. वकिलाच्या मांडीवर बशीएवढा काळानिळा डाग बहिणीनं पाहिला. त्यानेही उट्टं काढलं. कॅप्टनच्या बोटाला असा चावला की कॅप्टनने त्याला भिंतीवर फेकला, आणि सरांनी दोघांना खाली पाडून वर गुडघा टेकवला तेव्हा कुठे थांबले.

आणि मग अचानक सगळं शांत झालं. शेवटच्या आठवड्यात दोघं हॉलच्या पायरीवर एकमेकांशेजारी बसलेले दिसले. वकील हळू आवाजात काहीतरी सांगत होता, कॅप्टन मान हलवत होता. बाईंनी ते खिडकीतून पाहिलं आणि त्यांचा ऊर भरून आला. त्यांनी सरांना बोलावून ते दृश्य दाखवलं आणि काही न बोलता नुसत्या हसल्या. हातच्या काकणाला आरसा कशाला! ती पोरं काय बोलत होती, हे ना बाईंनी विचारलं, ना सरांनी.

स्पर्धा दुपारची होती, शाळेच्याच हॉलमध्ये. हॉल खच्चून भरलेला. बाई पहिल्या रांगेत, शेजारी बहीण. ती पाळी बदलून आली होती आणि अंगावरचा नर्सचा पांढरा कोटही काढला नव्हता. पडदा उघडला. कैदी गुडघ्यांवर, हात मागे दोरीने बांधलेले. जेलर त्याच्याभोवती बुटांचा आवाज करत फिरत होता. दोघंही इतकं छान काम करत होते की बाईंना परीक्षकांच्या पेनांचा आवाज ऐकू आल्यासारखं वाटलं.

"नाव सांग," जेलर म्हणाला.

"माझं नाव तुम्हाला माहीत आहे."

जेलरने हात उचलला. चट्टदिशी आवाज झाला. कैद्याची मान फिरली आणि हॉलमध्ये कुणीतरी श्वास रोखला. बाई समाधानाने मागे टेकल्या. मग कैद्याने मान वर केली, जेलरकडे बघितलं आणि ओठ हलवले. जेलर क्षणभर थांबला. आणि त्याने सगळं अंग वळवून दुसरी मारली.

कैदी आडवा झाला. त्याच्या नाकातून काळपट लाल ओघळ निघाला, हनुवटीवरून लाकडी फळ्यांवर टपटपायला लागला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

बहिणीने बाईंचं मनगट धरलं. "ताई, तो रंग नाही."

"नाटक आहे गं."

"मी रोज बघते. ते रक्त आहे. ताई, ऊठ!"

बाईंची नजर विंगेत गेली. टाळी वाजवणारी मुलगी तिथेच उभी होती. तिने दोन्ही हात तोंडावर घट्ट धरले होते. म्हणजे तिने टाळी वाजवलीच नव्हती. ते दोन्ही आवाज गालावरचे होते.

पण तरीही बाई उठल्या नाहीत. हे त्यांच्याबद्दल सांगायलाच हवं. परीक्षक बसलेले, संस्थेचे अध्यक्ष बसलेले, दाराआडून बोलणारे सगळे शिक्षक मागच्या रांगेत बसलेले. आता उठले तर म्हणतील, भाच्याला लागलं तशी धावली. बाई खुर्चीचे हात धरून बसल्या. जेलर वाकला, कैद्याला कॉलर धरून उभा करू लागला. आणि बांधलेल्या हातांचं ते पोर रक्ताच्या तोंडाने खोकताना पाहिल्यावर बाईंच्या आत जे काही इतकी वर्षं शिस्तीत बसलेलं होतं ते एकदम तुटलं.

त्या पायऱ्या चढल्या कशा, ते त्यांना पुढे कधीच आठवलं नाही. विंगेच्या कोपऱ्यात वरच्या झरोक्यांच्या खिडक्या उघडायचा लोखंडी दांडा उभा असायचा. तो हातात आला. पहिला घाव कॅप्टनच्या खांद्यावर बसला. तो वळला, बाईंना बघून त्याने कैद्याची कॉलर सोडली आणि तोंड उघडलं, पण शब्द नेहमीसारखेच घशात अडकले. त्याने अडवायला हात वर केला. दुसरा घाव त्या हातावर बसला आणि ओलं लाकूड मोडावं तसा आवाज झाला. तो गुडघ्यांवर आला. बाईंनी तिसरा घातला पाठीत. चौथा डोक्यावर. "माझं पोर आहे ते!" त्या ओरडत होत्या. "माझं पोर! माझं!" कॅप्टनने दुसरा हात वर केलाच नाही. दांडा हिसकायला त्याला एक झटका पुरला असता; पण समोर बाई होत्या. तो नुसता मान खाली घालून खात राहिला.

हॉलमधले निम्मे लोक टाळ्या वाजवत होते.

"मावशी!"

शाळेत त्याने ही हाक कधीच मारली नव्हती. बांधलेल्या हातांनी वकील सरपटत आला आणि कॅप्टनच्या अंगावर आडवा पडला. पुढचा घाव त्याच्या डोक्यापासून वीतभर अंतरावर फळीत घुसला. "मावशी, थांब! मीच सांगितलं होतं त्याला! मीच!"

टाळ्या थांबल्या. सरांनी मागून बाईंना कवेत धरलं आणि दांडा काढून घेतला. बहीण वर आली. तिने आधी आपल्या मुलाकडे पाहिलं, मग त्याला बाजूला सारून कॅप्टनच्या डोक्याशी बसली आणि पांढऱ्या कोटाचा बोळा करून जखमेवर दाबून धरला. तिने बाईंकडे वळूनही पाहिलं नाही.

इस्पितळात संध्याकाळी सगळं कळलं. कॅप्टनचा हात दोन ठिकाणी मोडला होता, गळपट्टीचं हाड गेलं होतं, डोक्याला टाके होते. वकिलाच्या नाकात कापूस कोंबला होता. जुनंच हाड परत हललं होतं, बाकी काही नाही. तो कॅप्टनच्या पलंगाच्या पायथ्याशी बसला होता.

"मी त्याची माफी मागितली होती," तो बाईंना म्हणाला. कापसामुळे त्याचा आवाज गेंगाणा येत होता. "तर म्हणाला, सगळ्यांसमोर हसलास आणि माफी पायरीवर मागतोस? खरंच होतं त्याचं. मग मी म्हटलं, तू मला सगळ्यांसमोर मार. नाटकात, खरी. मग फिट्टंफाट. टाळीवालीला मीच सांगितलं, तू वाजवू नकोस. एकच ठरली होती."

"दोन मारल्या त्यानं."

"पहिली हळू मारली. मीच म्हटलं, परत मार. नाहीतर फिटलं कसं असतं?"

बाईंनी पलंगावरच्या मुलाकडे पाहिलं. तो डोळे उघडे ठेवून छताकडे बघत होता. त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांची भांडणं मिटवली होती; या दोघांनी आपलं आपण मिटवलं होतं, आणि त्यांच्यापेक्षा चांगलं मिटवलं होतं. लाजेने बाईंचे कान तापले. मला माफ कर, असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं.

तेवढ्यात दारात कॅप्टनचा बाप आला. कामावरून तसाच आला होता. खांद्यावर गोणीचा घट्टा, केसांत भुसा, आणि आज तो प्यायलेला नव्हता. त्याने आधी बाईंना हात जोडले.

"बाई, पोरानं काय केलं असंल ते पोटात घाला. शाळेतून काढू नका. एवढा एकच शिकतोय घरात."

"त्यानं काही केलं नाही," बाई म्हणाल्या. त्या उठून उभ्या राहिल्या. "ऐका माझं. त्याची काही चूक नव्हती. मी मारलं त्याला. लोखंडी दांड्यानं. चूक माझी आहे, सगळी माझी."

बाप त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. त्याला शब्द ऐकू आले होते, पण ते कुठे ठेवायचे ते कळत नव्हतं. बाईंनी मारलं. शाळेच्या मोठ्या बाईंनी, सगळ्यांसमोर, स्वतःच्या हातानं. मग हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी जुळलं आणि तो पलंगाकडे वळला.

"बाईंना हात उचलायला लावलास?" तो म्हणाला. "एवढ्या मोठ्या बाईंना?" आणि त्याने पोराच्या थोबाडीत मारली.

पोराचं पट्ट्या बांधलेलं डोकं उशीवर आपटलं. त्याने धड असलेला हातही वर केला नाही. बापाने परत हात उगारला. वकील ओरडला. बाई झेपावल्या आणि दोन्ही हातांनी तो हात धरला. तो लाकडासारखा कडक होता.

"मारू नका," त्या म्हणाल्या. "तुमच्या पाया पडते, त्याला मारू नका."

बापाने हात तसाच राहू दिला. त्याने बाईंकडे पाहिलं. त्याच्या नजरेत राग नव्हता, टोमणा तर नव्हताच. त्याला खरोखरच समजत नव्हतं.

"पण बाई," तो म्हणाला, "तुम्ही मारलंत ना?"